दत्त, त्रिमूर्ती आणि आमचं त्रैक्य

बुधवारातल्या दत्ताला गुरुवारी गर्दी, आणि गुरुवारातल्या चर्चला रविवारी. मी ख्रिस्ती, पंचहौद मिशनपाशी वाढले, त्यामुळे दर नाताळात फराळाच्या ताटासोबत एक वाक्य ठरलेलं: "म्हणजे तुमचं पिता-पुत्र-आत्मा आमच्या दत्तासारखंच की!" म्हणणारा प्रेमाने म्हणतो, म्हणून आजवर करंजी पुढे करून गप्प बसले. १८९० साली याच मिशनमध्ये काही हिंदू पाहुणे चहा प्याले, त्यावरून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, झालं! चहा कोण प्यालं याची चौकशी झाली, चहा देणारे मानतात काय ते मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आज मीच सांगते.

दत्त कोण ते मी समजावत बसत नाही. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री हे पुणेकराला पाठ असतं. त्रिमूर्तीतली एकच गोष्ट मला इथे हवी आहे, ती म्हणजे कामाची वाटणी. ब्रह्मदेव घडवतो, विष्णू सांभाळतो, महेश लय करतो. विष्णुपुराणात तर एकच जनार्दन ही तीन कामं करताना तीन नावं घेतो असं सरळ म्हटलंय.

किरकोळ गैरसमज आधी उरकते. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असा एकच देव; त्यात येशूची आई मरिया नाही. आणि तीन तोंडांचा देव युरोपातल्या चित्रकारांनीही रंगवला होता; सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी त्यावर बंदी घातली. तेव्हा चित्रं बघून तुलना करू नका, आमचेच लोक त्यात फसले होते.

खरी गफलत नावांत आहे. निर्माता, पालनकर्ता, संहारकर्ता हे हुद्दे झाले. पिता आणि पुत्र ही नाती आहेत. हुद्दा कामावर उभा असतो. सृष्टीच नसेल तर निर्माता कशाचा? नात्याला काम लागत नाही. बाप रिटायर झाला तरी बापच. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, हे विश्व कधी झालंच नसतं तरी पिता पिताच असता, कारण पुत्र अनादि आहे. अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूला हे पटेना. पुत्र नव्हता असं कधीतरी होतं, असं त्याचं म्हणणं. त्याचा विरोधक अथनेशियस याचं उत्तर साधं होतं: मग तेव्हा पिता तरी पिता कसा? ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेने पुत्राला 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे' आणि पित्याशी एकतत्त्व असलेला म्हटलं. इथल्या जन्माला आई नाही, वेळ नाही, आधी-नंतर नाही. देवाच्या बायकोचं नाव विचारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मग कामं कुणाची? तिघांची, आणि सगळी. योहानाच्या शुभवर्तमानात सर्व काही 'शब्दा'च्या द्वारे झालं, आणि हा शब्द म्हणजे पुत्र. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, दुसऱ्याच वचनात पाण्यावर देवाचा आत्मा आहे. निर्मिती पित्याच्या टेबलावर, तारण पुत्राच्या, बाकीचं आत्म्याच्या, अशी सरकारी कचेरी तिथे नाही. गुणांचंही तसंच. पिता कडक आणि पुत्र मायाळू, असं संडे स्कूलमध्ये मीही ऐकलंय आणि तेव्हाही मला ते खटकलं होतं. न्याय, दया, सर्वज्ञता, सामर्थ्य हे सगळं एकाच देवपणाचं आहे, त्याचे वाटे होत नाहीत. अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा कबुलीजबाब, बजावतो: पिता सर्वसमर्थ, पुत्र सर्वसमर्थ, पवित्र आत्मा सर्वसमर्थ, तरी सर्वसमर्थ तीन नाहीत, एकच आहे.

गुण एक, इच्छा एक, काम एक. मग वेगळं काय उरलं? फक्त कोण कुणापासून, एवढंच. पिता कुणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. तो पुत्रापासूनही निघतो का, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचं भांडण अजून मिटलेलं नाही.

गैरसमजाला थोडे आम्हीही जबाबदार आहोत. मतांगीकारात 'आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता' हे शब्द पित्याच्या नावाला चिकटून येतात, आणि ऐकणाऱ्याला तिथे ब्रह्मदेव दिसतो. त्यात 'तीन व्यक्ती' हा शब्द. मराठीत तीन व्यक्ती म्हणजे बसच्या बाकावर दाटीवाटीने बसलेले तिघे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच कबूल केलं होतं की हा शब्द नेमकं काही सांगतो म्हणून वापरत नाही, अगदीच गप्प बसता येत नाही म्हणून वापरतो.

आणि कृपा करून त्रैक्याला पाणी-बर्फ-वाफेची उपमा देणं बंद करा. हिंदू शेजारी म्हणाला तर सोडून देईन, पण आमच्या व्यासपीठावरून ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. एकच पाणी कधी बर्फ, कधी वाफ. तसा एकच देव कधी पिता, कधी पुत्र असं म्हणणाऱ्या सबेलियसला तिसऱ्या शतकातच चर्चबाहेर काढलं होतं. विष्णुपुराणातल्या जनार्दनाला शोभणारी मांडणी आमच्याकडे पाखंड ठरते. यार्देन नदीतला येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आठवा: पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आकाशातून पित्याची वाणी येतेय. तिघे एकाच वेळी. बर्फ वाफेशी बोलत नाही.

गेल्या वर्षी भाच्याच्या बाप्तिस्म्याचं कार्ड छापायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन दिलं होतं: 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.' प्रूफात 'नावांनी' आलं. डीटीपी करणारा मुलगा म्हणाला, "ताई, तीन नावं आहेत ना, मी अनेकवचन करून घेतलं." मूळ ग्रीकमध्येही तो शब्द एकवचनीच आहे, हे त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली, अनुस्वार खोडला, मात्रा चढवली आणि विचारलं, "मग बाळाच्या डोक्यावर पाणी एकदाच घालतात का?"

"तीनदा," मी म्हटलं.

त्याने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना ताई? मग 'नावाने'च ठेवू?"