घरच्या घरी जोडलेला डॅक आणि ५० हर्ट्झची कटकट

आमच्या परभणीच्या घरात एक जुना प्लेस्टेशन २ आहे, चुलतभाऊ पुण्याला नोकरीला लागला तेव्हा टाकून गेलेला. टीव्हीचा आवाज पिपाणीसारखा, म्हणून मी त्याची लाल-पांढरी वायर मामाच्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावली अन् गेम सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून हूंऽऽऽ सुरू झालं. मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीतला माणूस, दारातूनच ओरडला, "आरं हे कामून घुमायलंय एवढं?"

मामानं काय केलं, तर टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर उपटली. हूं गायब. परत लावली की हूं परत. म्हणजे दोष ना प्लेस्टेशनचा ना ॲम्प्लिफायरचा. ॲम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग, त्याची अर्थिंग घराच्या खड्ड्यात. टीव्हीची जमीन (ग्राऊंड) मात्र केबलच्या जाळीतून बाहेर खांबापर्यंत गेलेली. या दोन जमिनींमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच, आणि दोन्ही टोकं प्लेस्टेशनमधून ऑडिओच्या वायरनं जोडली की तो फरक त्या वायरच्या जाळीतून वाहायला लागतो, आपल्या लाईटच्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, ठेक्यात. तोच स्पीकरमधून ऐकू येतो. याला ग्राऊंड लूप म्हणतात.

आता केबल काढून टाका हा उपाय आईसमोर चालणारा नव्हता. पण प्लेस्टेशनच्या मागं एक चौकोनी भोक असतंय, बहुतेकांनी कधी वापरलेलं नसतं. कन्सोल सुरू करून तिथं तळहात धरला तर लाल ठिपका दिसतो. हे ऑप्टिकल आउट, तोशिबानं १९८३ मध्ये काढलेली टॉसलिंक. त्यातून विजेऐवजी उजेड येतो, अन् उजेडाच्या प्लास्टिक दोरीतून जमिनीचा करंट वाहूच शकत नाही, त्यामुळं लूप तिथंच तुटला. (आता हीच दोरी सोन्याचा मुलामा लावून चौपट भावात विकतात. उजेडाला सोन्याचं काय कौतुक, मला आजवर कळलेलं नाही.)

अडचण एकच, त्या उजेडात आवाज नसतो, आकडे असतात. सेकंदाला ४८,००० वेळा डाव्या कानाचा एक आकडा अन् उजव्याचा एक, प्रत्येक १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १), म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठली तरी एक पायरी. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घेतलं की आवाज पुरा पकडता येतो, म्हणून ४८,०००. या आकड्यांचं परत व्होल्टेज करायचं यंत्र म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक.

आकड्याचं व्होल्टेज करणं ऐकायला अवघड वाटतं पण नुसत्या रेझिस्टरवर, म्हणजे करंट अडवणाऱ्या भागांवर, जमतंय. जायकवाडीचा डावा कालवा आमच्याकडं येतो, त्याच्या पाण्यावर रात्री दारं धरलेल्यांना हे लगेच कळंल. समजा पाटाला पहिली चारी अशी फुटते की निम्मं पाणी चारीत अन् निम्मं पुढं. पुढच्या चारीला उरलेल्याचं निम्मं, तिच्या पुढच्याला त्याचंही निम्मं. प्रत्येक चारीच्या तोंडाशी एक दार: बिट १ असला तर पाणी आपल्या हौदात, ० असला तर ओढ्यात. हौदात किती पाणी पडायलंय ते बघा, तेच आपला आकडा. सर्किटमध्ये हे १० के आणि २० के (के म्हणजे हजार ओहम) अशा दोनच किमतींच्या रेझिस्टरच्या शिडीनं होतं, कारण प्रत्येक जोडावर करंटला दोन्हीकडं सारखाच २० केचा अडथळा दिसतो, मग तो निम्मा-निम्मा वाटला जातो. आठ बिटांना १६ रेझिस्टर पुरतात. १९८० च्या दशकात लोक कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या पोर्टला अशीच शिडी लावून गाणी वाजवायचे.

मी आधी हीच शिडी करून बघितली, आठ बिटांची, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर). वाजली. जुन्या रेडिओवर खरखरीतून गाणं यावं तशी वाजली, पण वाजली. मग हीच सोळा बिटांपर्यंत कामून वाढवू नये? तर इथं खरी गोम आहे. पहिल्या चारीचा वाटा ३२,७६८ पायऱ्यांचा. दुकानात मिळणारा चांगला रेझिस्टर एक टक्का इकडंतिकडं असतो, म्हणजे पहिल्याच चारीत सव्वातीनशे पायऱ्यांची चूक, अन् शेवटच्या आठ चाऱ्या सगळ्या मिळून २५५ पायऱ्याच मोजतात. धाकट्यांचा सगळा हिशोब थोरल्याच्या गळतीतच बुडाला.

म्हणून आजच्या चिपांमध्ये बहुतेक दुसरीच युक्ती असते, ती समजायला मराठवाड्यात राहिलेलं बरं पडतं. लोडशेडिंगमध्ये बारा तास लाईट, बारा तास अंधार असला तर दिवसाची सरासरी निम्मी. हेच चालू-बंद सेकंदाला लाखो वेळा केलं आणि त्याची सरासरी एका फिल्टरनं काढली तर फक्त एका बटणावर पाहिजे ते व्होल्टेज मिळतं, रेझिस्टर जुळवायची भानगडच नाही. याला डेल्टा-सिग्मा म्हणतात. प्रत्यक्ष चिपांमध्ये एकाच्या जागी थोडी जास्त बटणं असतात पण तत्त्व हेच.

मी दोन चिपा घेतल्या. डीआयआर९००१ उजेडातून आलेल्या सिग्नलचे आकडे सुटे करते अन् पीसीएम५१०२ए त्या आकड्यांचा आवाज करते, दोन्ही ३.३ व्होल्टवर चालतात. पहिलीचं काम मला जास्त भारी वाटतं. लाल उजेडात आकड्यांबरोबर घड्याळाची वेगळी तार नसते, सेकंदाला ३०,७२,००० बिट येतात ते एका रांगेत. मग एक बिट संपून दुसरा कधी सुरू झाला हे कसं कळायचं? तर प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला सिग्नल पलटी मारतो, आणि बिट १ असला तर मध्ये आणखी एकदा. भजनात पखवाज दिसत नसला तरी टाळांवरून ठेका धरता येतो ना, तशी ही चिप पलट्यांवरून ठेका धरते. ठेका डळमळला तर आकडे बरोबर असूनही आवाज मळतो.

सोल्डरिंगचं फार सांगत नाही. चिपच्या दोन पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर, भरपूर फ्लक्स लावा, मामाचा चष्मा उसना घ्या. पहिल्यांदा आवाज आलाच नाही, तासभर मीटर घेऊन बसलो, शेवटी दिसलं की ऑप्टिकल वायरच्या टोकावरचं बारीक टोपण मी काढलंच नव्हतं.

टोपण काढल्यावर आवाज आला पण विचित्र. हळू संगीत एकदम गोड, अन् गेममध्ये स्फोट झाला की कानठळ्या बसवणारा कडकडाट. मला वाटलं स्पीकर फाटला. कारण निघालं मजेशीर. पहिली चिप आकडा लगेच पाठवत होती, दुसरी मात्र एक ठोका थांबून वाचायच्या बेतात होती, त्यामुळं प्रत्येक आकड्याचा पहिला बिट हुकत होता. पावतीवर ०३४२ लिहिलंय अन् पहिलं शून्य कोणी गिळलं तर काही बिघडत नाही, पण ७३४२ मधला ७ गिळला तर? हळू आवाजाचे आकडे लहान, त्यांचं भागलं, मोठ्यांची वाट लागली. पीसीएम५१०२एचा एक पाय जमिनीला जोडला होता तो ३.३ व्होल्टला जोडला, झालं काम.

सप्लायला आधी पॉवरबँक लावली होती, तेवढीच लाईट गेल्यावरची सोय. पण आपलं सर्किट इतकं कमी करंट खातं की पॉवरबँकेला वाटायचं मोबाईल काढून नेला, अन् ती आपोआप बंद व्हायची. शेवटी जुना दोन पिनांचा चार्जर आणि ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, पुढं दोन कपॅसिटर.

केबल चालू, टीव्ही चालू, अन् हूं नाही. मामानं स्पीकरला कान लावून बघितला, मग म्हणाला, "पंखा बंद कर, त्याचाच आवाज यायलाय."

त्या रात्री आईनं त्याच प्लेस्टेशनवर सिनेमाची डीव्हीडी लावली आणि स्पीकरमधून अख्ख्या गल्लीला जाग येईल असा खर्रर्र आवाज. डीव्हीडीवर आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून भरलेला होता, आमच्या साध्या डॅकला ते काय माहीत, त्यानं ती गाठोडीच आकडे समजून वाजवली. सेटिंगमध्ये डॉल्बी बंद केलं की साधे आकडे येतात. ते सापडेपर्यंत आईनं मूग गिळून सिनेमा बिनआवाजाचा बघितला अन् मी बाहेर ओट्यावर बसलो.