डबा लांबवणे (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेचा तयार मिळणारा पॅसेंजर डबा कापायचा, मध्ये जादा तुकडा घालायचा आणि त्याची लांबी खऱ्या डब्याच्या प्रमाणात आणायची, हे काम. ४५ मिमी रुळावर चालणाऱ्या मोठ्या मॉडेलांमध्ये, म्हणजे लोक बागेत मांडतात त्या गाड्यांमध्ये, हे विशेष चालतं, कारण तिथे कारखान्यातून येणारे डबे बऱ्याचदा मुद्दाम आखूड केलेले असतात. ह्या नोंदीत बोगी म्हणजे डब्याखाली फिरणारी चाकांची चौकट, आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो ती नव्हे.

आखूड डबे आले कुठून

१८८१ साली ब्रांडेनबुर्गला सुरू झालेल्या आणि महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला आलेल्या लेमान ह्या जर्मन खेळणी कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी ही गाडी बाजारात आणली, तेव्हापासून मोठ्या मॉडेलांचा आजचा जमाना धरतात. प्रमाण १:२२.५, कारण मीटरगेजचे १००० मिमी भागिले २२.५ केलं की साधारण ४५ येतात, आणि ४५ मिमी रूळ तर १ नंबर गेज म्हणून त्याच्या कितीतरी आधीपासून होताच. युरोपच्या मॉडेल रेल्वेसाठीच्या एनईएम मानकांमध्ये ह्या जोडीला IIm म्हणतात.

पण डबे आखूड का केले ह्यावर एकमत नाही. स्वित्झर्लंडच्या ऱ्हेटियन रेल्वेचा ईडब्ल्यू-१ हा पोलादी डबा घ्या, एलजीबीच्या यादीत तो वर्षानुवर्षं आहे आणि लांबवणाऱ्यांचा तो सगळ्यात लाडका. खरा डबा साधारण साडेअठरा मीटर, म्हणजे १:२२.५ ला ८२ सेंमी व्हायला हवा, आणि मॉडेल आहे ६६ सेंमी. काही जण म्हणतात की हा आखूडपणा नाहीच, कारण त्याच रेल्वेच्या बर्निना लाइनसाठी ह्याच घराण्यातले आखूड डबे खरोखर बांधले होते आणि मॉडेल त्यांच्या जवळ जातं. दुसरे म्हणतात खोक्याचा आकार, किंमत आणि साच्याचा खर्च. तिसरं मत वळणाचं आहे आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे. एलजीबीचं सगळ्यात घट्ट वळण, आर-१, हे ६०० मिमी त्रिज्येचं, १२ तुकड्यांत पूर्ण गोल होतं. २२.५ ने गुणलं तर खऱ्या जगात ही त्रिज्या साडेतेरा मीटर होते. बर्निना ही वळणांसाठी प्रसिद्ध असलेली लाइन, तिचंसुद्धा सगळ्यात घट्ट वळण ४५ मीटरचं आहे, म्हणजे मॉडेलमध्ये पूर्ण २ मीटर. घराच्या खोलीत बसणाऱ्या वळणावरून गाडी गेलीच पाहिजे असं ठरवलं की डबा आखूड करण्यावाचून गत्यंतर नाही. बर्निनाच्या डब्यांशी जुळणं हा त्यातला फायदा असेल, कारण वाटत नाही.

अमेरिकेच्या बाजूला घोळ लांबीचा नाही, प्रमाणाचा आहे. ३ फुटी नॅरोगेजला (९१४ मिमी) ४५ चा रूळ १:२०.३ ला तंतोतंत बसतो. स्टँडर्ड गेजला (१४३५ मिमी) १:३२ बसतो. तरी ॲरिस्टो-क्राफ्ट आणि यूएसए ट्रेन्स ह्या मॉडेल कंपन्यांनी १:२९ धरलं, ज्यात रूळ जवळजवळ साडेचार मिमी अरुंद पडतो. एलजीबीच्या जाडजूड गाड्यांशेजारी आपली गाडी किरकोळ दिसू नये म्हणून, असं सर्वसाधारणपणे सांगतात. हिशोबाने पाहिलं तर १:३२ च बरोबर. पण १:२९ चा पसारा इतका वाढलाय की बड कंपनीचा ८५ फुटी डबा म्हटलं की लोक त्याचे ८९ सेंमीच धरतात. आपल्याकडची १६७६ मिमी ब्रॉडगेज ह्यातल्या कुठल्याच प्रमाणात बसत नाही (१:३७ लागेल), माथेरानची २ फुटी गाडी मात्र १:१३.७ ला छान बसते.

आधी वळण, मग करवत

किती लांबवायचं हे खऱ्या डब्याच्या नकाशावरून ठरतं असं वाटतं, पण ते रुळावर ठरतं. दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं, म्हणजे डब्याचा मधला भाग वळणाच्या आत किती सरकतो ते कळतं. समजा मूळ डब्यात हे अंतर ४५० मिमी आहे, तर आर-१ वर पोट ४२ मिमी आत येतं. लांबवून ६०० केलं की तेच ७५ होतं, म्हणजे शेजारच्या लाइनवरची गाडी घासणार, बोगद्याचं तोंड घासणार. तोच डबा ११९५ मिमी त्रिज्येच्या आर-३ वळणावर नेला तर ३८, आणि २ मीटरच्या वळणावर २३ सुद्धा नाही. डब्याची टोकं उलट बाहेर जातात, आणि सरळ रुळावरून वळणात शिरताना एका डब्याचं टोक बाहेर आणि पुढच्याचं अजून सरळ, तिथे कपलिंगवर सगळा ताण येतो. बोगीवर बसवलेलं कपलिंग हे झेपवतं, ते डब्याच्या तळाला लावलं तर दिसायला सुरेख पण घट्ट वळणावर गाडी रुळावरून खेचली जाते. लांब डबे करायचे तर आधी रूळ मोठे करा, हा क्रम उलटा करून चालत नाही.

कापणं आणि जोडणं

रूढ हिशोब तीन डब्यांचे दोन करायचा. तिसऱ्या डब्याची टोकं बाजूला ठेवायची आणि मधल्या खिडक्या पहिल्या दोघांत वाटायच्या. कापायची जागा खिडक्याच ठरवतात. एक खिडकी आणि एक खांब मिळून एक माप, आणि लांबी त्या मापाच्या पूर्ण पटीतच वाढवायची, मग ती खऱ्या लांबीला दोन सेंमी कमी पडली तरी चालेल. दोन खांब वेगळ्या रुंदीचे झाले तर डोळा तिथेच अडकतो, एकूण लांबी कोणी टेप लावून बघत नाही. काप खांबाच्या मधोमध किंवा पत्र्याच्या सांध्याच्या रेषेवर, गुण्या लावून, बारीक दातांच्या करवतीने, आणि करवत खाते तेवढी जागा सोडून, नंतर काचेवर पॉलिश पेपर ठेवून कड घासायची. बाजू, टप आणि तळ ह्यांचे सांधे एकाच ठिकाणी येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर डबा तिथेच मोडतो.

एबीएस किंवा त्याच्या जवळच्या एएसए प्लास्टिकला एमईके हे द्रावक चालतं, ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं (खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवूनच). इन्स्टंट गोंद ठिसूळ असतो, फक्त तुकडे जागेवर धरून ठेवायला ठीक. सांध्याच्या आतून प्लास्टिकची पट्टी लावावीच लागते.

तळाला ॲल्युमिनियमचा अँगल घालतात, नाहीतर लांब डबा उन्हात मध्ये खाली बसतो. इथे एक गोष्ट फार कमी लोक पाळतात. ८२ सेंमीचा एबीएस डबा तापमान ३० अंशांनी वाढलं की जवळपास २ मिमी वाढतो आणि ॲल्युमिनियम फक्त अर्धा मिमीच्या आसपास. म्हणून अँगल एकाच स्क्रूने पक्का करायचा आणि बाकीची भोकं लांबट ठेवायची. चारी बाजूंनी चिकटवून टाकला तर पहिल्याच उन्हाळ्यात डबा केळ्यासारखा वाकतो आणि सांधे उघडतात.

लाकडी डबे

अमेरिकन नॅरोगेजच्या लाकडी डब्यांना, उदाहरणार्थ डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या जॅक्सन अँड शार्प कंपनीचे डबे ज्यांची मॉडेलं बॅकमन ह्या मॉडेल कंपनीने काढली, तळाखाली लोखंडी ताणसळया असतात. खऱ्या डब्यात लाकडी तळ मध्ये खाली वाकू नये म्हणून त्या होत्या, त्यामुळे मॉडेल लांबवलं की त्या तारेच्या नव्याने कराव्या लागतात. उभ्या फळ्यांच्या बाजूंवर सांधा फळीच्या खाचेत लपतो, म्हणून हे काम पोलादी डब्यापेक्षा सोपं. टपाचं तसं नाही, तिथे मधला उंच भाग आणि त्याच्या झडपा दोन्ही तुकड्यांत जुळवाव्या लागतात आणि पुटीन भरून निदान दोनदा घासावं लागतं.

रंग आणि आतलं सामान

बाजूची पट्टी आणि नाव नव्या लांबीवर मध्यात आणायचं असल्याने डबा बहुधा पूर्णच रंगवतात. बाकड्यांची संख्या खिडक्यांप्रमाणे वाढते. ॲरिस्टो-क्राफ्ट २०१३ च्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे कापायला तिचे डबे आता जुन्या बाजारातच मिळतात.