गुच्छ उजळला की पाळणा काठावर हलतो

सप्टेंबर २०२२मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचं टॅरँट्युला तेजोमेघाचं, म्हणजे वायू-धुळीच्या एका उजळ ढगाचं, छायाचित्र आलं. मधोमध निळसर ताऱ्यांचा झगझगीत पुंजका, भोवती तांबूस ढगांचं कडं. 'तारे जन्मतात ते इथे' म्हणून बहुतेकांचं बोट त्या पुंजक्याकडे जातं. खरं तर तिथलं बाळंतपण जवळपास आटोपलंय!

हा तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतला नाही. सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरच्या मोठ्या मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत तो आहे. पुण्याहून तो क्षितिजावर जेमतेम अडीच अंश वर येतो, म्हणजे धुरक्यातच हरवतो.

मधल्या गुच्छाचं नाव आर-१३६, वय १०-२० लाख वर्षं. सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे, यावरून कल्पना करा. यातला सर्वांत जड तारा सूर्याच्या सुमारे २०० पट वस्तुमानाचा. असे तारे अतिनील किरणांचा मारा करतात, आणि मला सर्वांत आवडणारा भाग इथूनच सुरू होतो.

तारे घडवणारा ढग थंडगार असतो, १०-२० केल्विन, म्हणजे उणे २५० अंश सेल्सिअसहूनही खाली. त्यात हायड्रोजनचे रेणू. रेणू फुटून सुट्या झालेल्या अणूवर ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा किरण आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो. दोन अणूंच्या एका रेणूतून अखेर चार कण होतात: दोन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन. उरलेली ऊर्जा वायूला १० हजार केल्विनपर्यंत तापवते. आता शाळेतलं वायूंचं समीकरण आठवा. जागा तेवढीच असेल तर दाब कणांच्या संख्येवर आणि तापमानावर ठरतो. तापमान ५०० पट, कण चौपट, म्हणजे दाब २००० पट! त्यापुढे गुरुत्वाकर्षणाचं काही चालत नाही. वायू उधळतो, ताऱ्यांवरून सुटणारे वारे त्यात भर घालतात, आणि पुढच्या ताऱ्यांचा कच्चा मालच निघून जातो.

उधळलेला वायू बाहेरच्या थंड ढगावर मात्र दाबला जातो. दाट गाठी तग धरतात आणि गुच्छाकडे टोक केलेले खांब उरतात. त्यांच्या पोटात वेबला धुळीत गुरफटलेले नवजात तारे दिसले. त्यांतले किती या दाबामुळे घडले आणि किती एरवीही घडले असते, यावर अजून वाद आहे.

गुच्छातले तारेही एका चालीने वाढत नाहीत. सूर्याएवढा तारा आकुंचन पावत स्थिरावायला काही कोटी वर्षं घेतो. महाकाय तारा तोवर संपलेलाही असतो. कृत्तिका हाही गुच्छच, डायनोसॉरच्या काळात, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी जन्मलेला. बाळाच्या जन्माचं मिनिट बघून त्याचा स्वभाव त्या ताऱ्यांवर सोपवणं मला पटत नाही, आणि त्यापायी लग्नं मोडतात तेव्हा राग येतो.

टॅरँट्युलातच हॉज ३०१ नावाचा दुसरा गुच्छ आहे, दोन कोटी वर्षांहून जुना. त्यातले सर्वांत जड तारे कधीच स्फोट होऊन गेले. त्यांनी फेकलेला वायू आजूबाजूच्या तेजोमेघात घुसतोय. आर-१३६मधल्या महाकाय ताऱ्यांची पाळी पुढच्या दहा-वीस लाख वर्षांत येईल.