तैया तैच्या मागचं तंजावर

भरतनाट्यमच्या वर्गात सुरुवातीला एकच काम असतं: अरमंडीत बसायचं आणि पाय मारायचे. टाचा जुळलेल्या, चवडे दोन बाजूंना, गुडघे बाहेर, पाठ ताठ. गुरू लाकडी ठोकळ्यावर दांडी मारत ‘तैया तै’ म्हणतात. तेच मग दुप्पट, मग चौपट लयीत. मांड्या भरून येतात. हा तट्टडवू, सगळ्या अडवूंमधला, म्हणजे नृत्याच्या पायाभूत हालचालींमधला, पहिला.

अरंगेत्रमच्या, म्हणजे शिष्याच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाच्या, निवेदनात ‘हे सारं नाट्यशास्त्रातलं’ असं हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात आहेत ती १०८ करणं, म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचाली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, राजराज चोळाच्या काळात, ती कोरायला घेतली. ८१ झाली, पुढच्या शिळा कोऱ्याच राहिल्या. ‘अडवू’ हा शब्द मात्र नाट्यशास्त्रात नाही. तो दक्षिणेतला, नट्टुवनारांच्या, म्हणजे तिथल्या नृत्यगुरूंच्या, तोंडचा.

तो ग्रंथात आणला एका भोसल्यांनी. व्यंकोजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे, तुळजाराजे १७२८ ते १७३६ तंजावरच्या गादीवर होते. त्यांच्या ‘संगीतसारामृत’ या संस्कृत ग्रंथात अडवूंचं वर्णन आहे, देशी नावांसकट. राजाने नट्टुवनारांची बोली संस्कृतात जशीच्या तशी ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात (१७९८–१८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी अडवूंची शिकवणी आणि कार्यक्रमाचा अलारिप्पू या पहिल्या नृत्यापासून तिल्लाना या शेवटच्या नृत्यापर्यंतचा क्रम बसवला. खुद्द सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. तेव्हा या नृत्याला सदिर म्हणत. ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झालं १९३०च्या दशकात. नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, आणि आज बहुतेक वर्गांतली काटेकोर अरमंडी तिथल्या शिस्तीतून आलेली.

आपल्याकडे हे नृत्य मद्रासहून आलं असं धरून चालतात. पण १८८० साली तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाई या सयाजीराव गायकवाडांच्या राणी, चिमणाबाई, होऊन बडोद्याला आल्या आणि तंजावरच्या नर्तकी दरबारात दाखल झाल्या. गौरा आणि कांतिमती त्यांतल्याच. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावरकर पुढे बडोद्याच्याच विद्यापीठात नृत्य शिकवत.