डायलिसिस वेगळं आणि गोळी ओढून घेणारा डबा वेगळा

परवा मिरजेत दवाखान्याबाहेर चहा पिताना एक काका तावातावानं सांगत होते, "भावाचं बायपास थांबवलंय, का तर रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय. मग डायलिसिस लावा की, चार तासात रक्त धुऊन निघंल!" ऐकायला पटतं, पण तसं होत नाही.

डायलिसिस म्हणजे चाळण. पडद्याला बारीक भोकं, अलीकडं रक्त, पलीकडं औषधी पाणी, युरिया, क्रिएटिनिन ही रक्तातली घाण, ते मोकळे फिरतात ते पलीकडं निघून जातात. आता स्टेंटनंतर (हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यावर) रक्त पातळ ठेवायला देतात ती टिकाग्रेलोर घ्या, तिचा रेणू काय मोठा नाही, भोकातून सहज जाईल, पण ९९ टक्क्यांच्या वर ती अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरते आणि ते धूड भोकातून जात नाही. बोळातनं माणूस जाईल ओ, पण तो उसाच्या ट्रॉलीवर बसलाय.

अशी गोळी रक्तातनं ओढून घ्यायला एक वेगळा डबा असतो, त्याचं काम चाळायचं नाहीच. ३०० मिलीचा डबा, आत प्लॅस्टिकचे बारीक सच्छिद्र मणी, ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीनलाच जोडतात. जेवढी थोडी गोळी मोकळी असते ती मण्याला चिकटते, मोकळी कमी झाली की अल्ब्युमिन आणखी थोडी सोडतं, तीपण चिकटते, रक्त फिरत राहतं तसं हे चालूच राहतं. (घरच्या आरओत कार्बन आणि मेंब्रेन दोन्ही असतात ना, तोच फरक.)

पण डबा प्रत्येक गोळीला चालत नाही. टिकाग्रेलोर प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) धरते आणि सोडते, म्हणून तिला ओढून घेता येतं. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन प्लेटलेट कायमची बाद करतात, रक्तातनं गोळी काढली तरी नवीन प्लेटलेट तयार होईपर्यंत थांबावंच लागतं. उलट डाबिगाट्रान ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी प्रोटीनला ३५ टक्केच चिकटते, तिथं डायलिसिस खरंच कामाला येतं, शिवाय तिचं उताऱ्याचं इंजेक्शनही आहे.

युरोपात २०२० पासून टिकाग्रेलोर आणि रिव्हारॉक्साबान (हीपण रक्त पातळ करायचीच गोळी) यांच्यासाठी डब्याला मान्यता आहे, अमेरिकेत मात्र एफडीएनं (तिथली औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) एप्रिल २०२५ मध्ये नाकारली. आणि हे सगळं घाईच्या ऑपरेशनसाठी, वेळ असला तर डॉक्टर गोळी काही दिवस बंद करून थांबतात, तेच सोपं. आपल्या मनानं मात्र बंद करू नका, स्टेंट बुजतो.

काकांना म्हणलं चिठ्ठी दाखवा. क्लोपिडोग्रेल होती.