हूलिगन नेव्ही: हौशी लोकांच्या बोटी गस्तीवर कशा गेल्या

१९४२ मधे अमेरिकेत श्रीमंतांच्या यॉट आणि मोटरबोटी जर्मन पाणबुड्या शोधायला पाठवल्या होत्या हे ऐकलं की गंमत वाटते, पण आयडिया काही नवी नव्हती. १९१४ ला युद्ध सुरू झाल्या झाल्या ब्रिटनमधले मोटरबोटवाले स्वतःच्या बोटींसकट नेव्हीच्या राखीव दलात शिरले, प्रॉब्लेम एवढाच की नदीत मजेत फिरायच्या बोटी नॉर्थ सीच्या लाटांपुढे टिकेनात. मग १९१५ मधे त्यांनी अमेरिकेतल्या एल्को कंपनीला एकाच नमुन्याच्या लाँचची, म्हणजे मोटरबोटींची, ऑर्डर दिली, आणि एल्कोने ५५० लाँच ४८८ दिवसांत दिल्या! (अमेरिका तेव्हा तटस्थ, त्यामुळे जोडणी कॅनडात.) १९१७ ला अमेरिका स्वतः उतरली तेव्हा तिनेही खासगी बोटी घेतल्या आणि त्यांना एसपी, म्हणजे सेक्शन पॅट्रोल (विभागीय गस्त), असे नंबर दिले.

एवढं सगळं घरात झालेलं असून १९४२ ला नेव्ही परत शून्यावर. जानेवारीपासून जर्मन पाणबुड्या पूर्व किनाऱ्यावर धुमाकूळ घालत होत्या, किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे चालूच, त्या उजेडावर टँकरची काळी आकृती लांबूनही दिसायची, आणि एस्कॉर्ट जहाजं, म्हणजे टँकरना सोबत करून राखणारी जहाजं, पुरेशी नव्हती. क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिकाचे यॉटवाले बोटी घ्या म्हणून मागे लागले होते पण नेव्हीला त्यात राम वाटत नव्हता. शेवटी मे मधे नेव्हीचे प्रमुख अ‍ॅडमिरल किंगनी कोस्ट गार्डला हिरवा कंदील दिला. नेव्हीत न बसणारे, वय झालेले, कॉलेजची पोरं, मिळेल तो माणूस भरला, म्हणून नाव पडलं हूलिगन नेव्ही (हूलिगन म्हणजे गुंड, टवाळ पोरं).

खरी मजा शिडाच्या बोटींची होती. इंजिन बंद ठेवून त्या दिवसेंदिवस समुद्रात राहू शकायच्या, पेट्रोलचा खर्च नाही की आवाज नाही, त्यामुळे पाणबुडीला त्यांची चाहूल लागणं अवघड. लेखक हेमिंग्वेसुद्धा आपली ‘पिलार’ नावाची बोट घेऊन क्युबाजवळ पाणबुड्या शोधत फिरायचा, बुडवली एकही नाही. माझ्या मते या बोटींचा उपयोग डोळ्यांसारखा होता, शस्त्र म्हणून फारसा नाही; पाणबुड्यांना आवर घातला तो मुख्यतः काफिल्यांनी (पहाऱ्यात एकत्र जाणाऱ्या जहाजांनी) आणि विमानांनी.

आणि काम सोपं नव्हतं हं. डिसेंबर १९४२ मधे ‘झायडा’ नावाची शिडाची बोट नँटकेट बेटाजवळ वादळात सापडली, डोलकाठी मोडली, आणि नऊ जण जवळजवळ तीन आठवडे वाहत गेले. त्यांना शोधायला जहाजं, विमानं सगळं लावलं, शेवटी नेव्हीच्या एका ब्लिंपला, म्हणजे हवेतल्या त्या फुग्यासारख्या जहाजाला, ते नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूला दिसले. सगळे जिवंत होते.