तळ्याच्या काठचं गवत कापू नका

गोल्फ कोर्सवरचं किंवा एखाद्या रिसॉर्टमधलं तळं डोळ्यांसमोर आणा. थेट पाण्यापर्यंत कापलेली हिरवळ, मधोमध कारंजं, पाण्यात रंगीत मासे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काय निसर्ग जपलाय!" त्याच तळ्याच्या एका कोपऱ्यात लव्हाळे आणि पाणकणीस वाढलं, की हीच मंडळी तक्रार करतात, "जरा साफसफाई ठेवा, डास होतील." मला हे दोन्ही शेरे उलटे वाटतात. त्या तळ्याला वाचवणारं जे काही असतं, ते त्या "अस्वच्छ" कोपऱ्यातच असतं.

ऊन तापलं की असं तळं रंग ओतल्यासारखं हिरवं होतं. दोष उन्हाला दिला जातो. ऊन निमित्त असतं हे खरं, पण मूळ कारण आहे फॉस्फरस. शेतकरी त्याला स्फुरद म्हणतात. शेवाळाला वाढायला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस तिन्ही लागतात. कार्बन हवेतून पाण्यात विरघळतो. नायट्रोजनही हवेत आहे आणि काही नीलहरित शेवाळं तो थेट तिथून घेतात. फॉस्फरस मात्र हवेत वायुरूपात जवळजवळ नसतोच. तो जमिनीवरूनच यावा लागतो. 1973 मध्ये कॅनडातल्या 'लेक 226' या तलावाच्या चिंचोळ्या भागात आडवा पडदा लावून डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली.

आता थोडं गणित. शेवाळात फॉस्फरसच्या एका अणूमागे साधारण 16 अणू नायट्रोजनचे आणि 106 कार्बनचे असतात. हे प्रमाण धरलं तर 1 ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे 115 ग्रॅम कोरडं शेवाळ तयार होऊ शकतं. ते मेलं की जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि त्यासाठी त्यांना सुमारे 140 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. 25 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभर फॉस्फरसपायी 17 हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपतो. पहाटे मेलेले मासे तरंगताना दिसतात, त्यामागे बहुतेकदा हाच हिशेब असतो.

खरी गंमत तळाशी आहे, आणि मला ती विलक्षण वाटते. गाळात लोखंड असतं. ऑक्सिजन मिळतोय तोवर ते गंजलेल्या, म्हणजे फेरिक रूपात राहतं आणि फॉस्फेटला, म्हणजे पाण्यात फॉस्फरस ज्या रूपात असतो त्याला, घट्ट धरून ठेवतं. जणू कुलूपच. पण उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वरून मेलेलं शेवाळ पडत राहतं, खालचा ऑक्सिजन संपतो. मग गाळातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी फेरिक लोखंडावर श्वसन करतात. लोखंड फेरस होऊन विरघळतं, कुलूप उघडतं आणि वर्षानुवर्षांचा फॉस्फेट पाण्यात सुटतो. त्यावर नवं शेवाळ, ते मेलं की आणखी ऑक्सिजन कमी, आणखी फॉस्फेट मोकळा. इतकंच नाही, ऑक्सिजन नसताना पाण्यातल्या सल्फेट या गंधकाच्या क्षारापासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो. गाळ ढवळला की सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. हा सल्फाइड लोखंडाला पकडून काळं आयर्न सल्फाइड बनवतो, आणि मग फॉस्फेटला धरायला लोखंडच कमी पडतं. पृष्ठभागावर उडणाऱ्या कारंज्याचा ऑक्सिजन खोल तळ्यात तिथवर पोहोचतही नाही.

म्हणून "जिवाणूंची पावडर टाका, तळं स्वच्छ" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. फॉस्फरस मूलद्रव्य आहे, कुठलाही जिवाणू त्याला नष्ट करू शकत नाही, फार तर इकडून तिकडे नेतो. आणि पुण्य मिळेल म्हणून विकत आणलेले मासे, कासवं तळ्यात सोडणं थांबायला हवं. कार्पसारखे मासे अन्नासाठी गाळ उकरतात आणि तळाचा फॉस्फरस वर आणतात. पाळीव म्हणून विकलं जाणारं लाल कानाचं कासव तर जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींत गणलं जातं.

फॉस्फरस काठावरच अडवणं हाच खरा उपाय. तो मातीच्या कणांना चिकटून येतो, खत टाकल्यावर लगेच पाऊस पडला तर विरघळूनही येतो, आणि कापणी यंत्राने पाण्यात उडवलेल्या गवतातूनही येतो. काठाला न कापलेल्या उंच गवताचा काही मीटरांचा पट्टा असला, की ओघळाचा वेग मोडतो आणि माती तिथेच बसते. तिथल्या ओल्या, ऑक्सिजन नसलेल्या मातीत जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर, म्हणजे नायट्रोजनच्या विरघळलेल्या रूपावर, श्वसन करतात आणि नायट्रोजन वायू बनवून हवेत परत पाठवतात.

सकाळी लवकर त्या पट्ट्यातली एखादी लव्हाळ्याची काडी जवळून बघा. पाण्याच्या वर वीतभर अंतरावर एक तपकिरी कात चिकटलेली सापडेल, पाठीवर उभी चिरलेली. चिरेतून पांढरे बारीक धागे लोंबत असतात. ती चतुर या कीटकाच्या अळीच्या श्वासनलिकांची अस्तरं. महिनोन्‌महिने पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढलेला जीव या काडीवर चढून हवेत आला. काडी नसती तर चढणार कुठे? काठ गुळगुळीत कापून डासांची तक्रार करणाऱ्यांना ही कात दाखवावी.

पट्टा राखला तरी पाणी पुढच्या वर्षी नितळ होणार नाही. गाळातला जुना साठा अनेक वर्षं सुटत राहतो, आणि बरेच व्यवस्थापक दुसऱ्या उन्हाळ्यात धीर सोडून पट्टा कापून टाकतात. कापायचाच असेल तर वर्षातून एकदा, पक्ष्यांची वीण संपल्यावर, एका वेळी अर्धाच. आणि कापलेलं गवत उचलून तळ्यापासून लांब न्या, कारण तिथेच कुजू दिलं तर त्यातला फॉस्फरस पहिल्याच पावसात पाण्यात उतरेल.